बहरातच काढायची फुलं

लिडबर्न,
मार्चमधला रविवार, दुपार

प्रिय आयव्हर,

फोनवर तू "हं" आणि "बरं" यांच्यापुढे जात नाहीस, आणि तिसऱ्या "बरं"नंतर फोन रोझलिनच्या हातात देऊन मोकळा होतोस. म्हणून आज लिहायला बसलो आहे. पत्र असं मध्येच लेकीच्या हातात देता येत नाही. माझं अक्षर तुला माहीत आहे. आपल्या दोघांना एकाच बाईंनी शिकवलं, पण तुला त्यांनी वळण दिलं आणि मला नुसत्या छड्या. तेव्हा चष्मा लावून, खिडकीशी बसून वाच. रोझलिन सांगते, तू खिडकीचा पडदाच उघडत नाहीस. एवढ्या पत्रापुरता उघड.

हिवाळा ओला गेला. नाताळनंतर कोरडा असा आठवडा मिळाला नाही. चर भरलेले, शेतं भरलेली, आणि ज्याची त्याची हाक मला, क्लेमला. माणसांना पाणी घरात शिरेपर्यंत चर आठवत नाही, आणि शिरल्यावर मी कालच यायला हवा होतो. मोठं खोदयंत्र गिरणीच्या खालच्या कुरणात असं रुतलं की ते काढायला दुसरं आणावं लागलं, आणि मग दुसऱ्याला काढायला ट्रॅक्टर. पूर्वी अशा दिवसांवर मी संध्याकाळी दारू पिता पिता तासभर गोष्ट रंगवली असती. यंदा घरी आलो, बूट काढायला वाकलो आणि तसाच वाकलेला थोडा वेळ बसून राहिलो. आजारी वगैरे नाही. कंटाळलो आहे. कोवळ्या उन्हात सकाळी दार उघडलं की कुंपणातल्या काटेरी झुडपांवर पान फुटायच्या आधीच पांढरा बहर आलेला दिसतो, वर मोठ्या झाडांत कावळ्यांची काटक्यांवरून भांडणं चाललेली असतात, आणि माझ्या मनात पहिल्यांदा येतं ते हे, की झालं, पुन्हा सुरू.

आता मुद्द्यावर येतो. गोल गोल फिरवलेलं तुला आवडत नाही, आणि उद्या रोझलिनच्या कानावर दुसरीकडून जायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं. तुझ्या पाणंदीतली डॅफोडिल्स काढून टाकायचं चाललं आहे. सगळी. तुझ्या फाटकापासून खाली ओढ्याच्या पुलापर्यंत, दोन्ही बाजूंची. आणि ती मी काढावीत असं सगळ्यांचं म्हणणं आहे, कारण कुदळी माझ्याकडे आहेत आणि भाऊ तुझा मी आहे.

लगेच पत्र बाजूला टाकू नकोस. माझाही पहिला विचार तुझ्यासारखाच होता, आणि तोंडातून आलेला शब्द तर पत्रात लिहिण्यासारखा नव्हता.

झालं असं, की फेब्रुवारीच्या शेवटी माझ्याकडे एक मुलगी आली. टॅम्सिन नाव तिचं. निसर्गरक्षणाची जी मंडळी देवळाखालचं कुरण सांभाळतात, त्यांच्यातली. दारात उभी राहून तिने आधी माझ्या कुत्र्याची चौकशी केली, मग हवेची, मग कुत्र्याची पुन्हा. मी म्हटलं, पोरी, मी चाळीस वर्षं लोकांच्या दारात कामाचे दर सांगत उभा राहिलो आहे, वाईट बातमी सांगायला आलेला माणूस मी पायावरून ओळखतो, आत ये आणि बोल. तेव्हा ती बोलली. देवळाखालच्या कुरणातली आपली गावरान डॅफोडिल्स बिघडत चालली आहेत. मधमाश्या पाणंदीतल्या बाजारी फुलांवरून उठतात आणि कुरणातल्या फुलांवर बसतात. बी धरतं ते संकराचं. एक दोन वर्षांत दिसत नाही, कारण बियांपासून फूल यायलाच पाच-सहा वर्षं लागतात. आता दिसायला लागलं आहे. आणि असंच चालू राहिलं तर आपण लहानपणी पाहिलेलं फूल त्या कुरणात उरणार नाही, त्याच्या जागी एक तिसरंच काहीतरी उरेल.

मी तिला म्हटलं, माझा भाऊ तिकडे मोडक्या खुब्यानं लीड्सला लेकीकडे पडला आहे, त्याच्या बायकोच्या, विनीच्या आठवणीची फुलं आहेत ती, आणि तू मला मधमाश्यांच्या भानगडी सांगतेस. डोळे भरले नाहीत तिचे, बरं झालं, तसं केलं असतं तर मी तिला बाहेर काढली असती. ती म्हणाली, "म्हणूनच आधी तुमच्याकडे आले, मिस्टर प्रॉसर. सभेत पहिल्यांदा सांगायची माझी हिंमत नव्हती."

सभा झाली. गावच्या हॉलमध्ये, तोच हीटर, तोच जळक्या धुळीचा वास. तू नव्हतास म्हणून सगळेच तुझ्याबद्दल बोलले. माणूस हजर नसला की गावाला तो फार आवडतो. हॅलमसाहेब उठले. लंडनहून निवृत्त होऊन आलेले, बूट अजून नवे. त्यांनी शोकाकुल पतीच्या भावनांवर भाषण केलं. मिसेस बेडोज उठल्या आणि म्हणाल्या, विनीचा डॅफोडिलवर नुसता जीव होता, ती फुलं उपटणं म्हणजे विनीला दुसऱ्यांदा पुरणं. लोक हळहळले. मी मागे चहाच्या भांड्यापाशी उभा होतो, आणि तिथे जे ऐकू येतं ते पुढे कधीच ऐकू येत नाही. मिसेस बेडोजची बहीण शेजारणीला सांगत होती की जाहिरातीच्या कागदावर यंदाही पाणंदीचाच फोटो छापून झाला आहे, आता काय करायचं.

हे तुला माहीत आहे का, मला कळत नाही. दरवर्षी मार्चमध्ये गावरान डॅफोडिल बघायला शहरातून गाड्या भरून माणसं येतात, हॉलमध्ये चहा आणि केक खातात, आणि फोटो काढतात ते तुझ्या फुलांचे. कुरणात चिखल असतो. फुलं घोट्याएवढी, वाकावं लागतं. तुझी आपली रस्त्याकडेला, गुडघ्यापर्यंत, पिवळीजर्द, गाडीच्या काचेतूनसुद्धा दिसतात. एक बाई मागच्या वर्षी तुझ्या फाटकाशी उभी राहून नवऱ्याला म्हणत होती की बघ, रानटी म्हणजे कशी ताकदवान असतात. मी कुंपण छाटत होतो. तसाच छाटत राहिलो. केक विकून देवळाचं छप्पर होणार होतं.

तर मिसेस बेडोज विनीबद्दल बोलत होत्या आणि मी केकचा मोठा तुकडा तोंडात घालून उभा होतो, कारण तोंड रिकामं असतं तर मी खरं बोललो असतो. विनीला ती फुलं बघवत नसत. तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पेट्रोल पंपावरची फुलं म्हणायची ती त्यांना. टाउन हॉलसमोर वाफ्यात ओळीनं उभी केलेली दिसली की गाडीची काच वर करायची. एकदा तुला म्हणाली होती, तुझं डोकं आणि या फुलाचं डोकं, दोन्ही नुसतीच मोठी. तिचं फूल कुरणातलं. बारकं, मान खाली घातलेलं, पाकळ्या फिकट आणि मधली नळी गडद, लांबून बघितलं तर गवतावर कुणी लोणी सांडल्यासारखं. लहान असताना आपण त्याच फुलांच्या जुड्या बांधून स्टेशनावर न्यायचो, आणि तिच्या बापाच्या शेताच्या फाटकावर ती बसलेली असायची, आत जायचं तर तिला विचारून जायचं. तू दरवेळी विचारायला थांबायचास. मी कुंपणावरून उडी मारायचो. म्हणून तुझं लग्न झालं आणि माझा संसार म्हणजे दोन खोदयंत्रं आणि एक गंजका ट्रेलर.

ती गेली त्या शरद ऋतूत तू बाजारातून कंदांची पोती आणलीस. मी पोतं धरलं होतं, तू गुडघ्यावर बसून खुरप्यानं भोकं पाडत होतास. पावसाची भुरभुर होती. मी कंदांवरची चिठ्ठी वाचली, मोठ्या जातीची होती, आणि मला वाटलं तू चुकून आणलीस. मी म्हटलं, अरे, विनीला ही आवडायची नाहीत. तू वर न बघता म्हणालास, "माहितेय. म्हणून तर लावतोय. रागावून भांडायला तरी येईल."

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही. गावाला वाटू दे की तू तिच्या आवडीची फुलं लावलीस. पण पुढच्या वर्षी पुन्हा पोती आली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मी पाणंदीतून जाताना दर मार्चमध्ये ते सगळं पिवळं ओरडणं बघायचो आणि मनात म्हणायचो, काय हा माणूस, अजून वाट बघतोय.

सभेत काही ठरलं नाही. सभेत कधी ठरतं? दुसऱ्या दिवशी मी एकटाच कुरणात गेलो. ती मुलगी खोटं बोलत असावी असं मला हवं होतं. दुपारची वेळ, वारा पूर्वेचा, तो आपला नेहमीचा मार्चचा, कोटातून हाडात जाणारा. ओढ्याकाठी हेझलच्या फांद्यांवरची तुरेदार लोंबं पिवळी पडून झडत होती. बांधावर प्रिमरोझ, नेहमीच्याच जागी, आणि त्यांच्याखाली जांभळी व्हायोलेट, दोन बोटांएवढी. मेंढ्यांना कोकरं झाली आहेत, ती उगीच चार पायांवर उड्या मारत होती. सगळं जागच्या जागी होतं. मी फाटक उघडलं आणि खाली बघितलं, आणि आयव्हर, ते खरं आहे.

फाटकाजवळच्या भागात फुलं उंच झाली आहेत. मान सरळ. पाकळ्यांचा फिकटपणा गेला आहे, सगळा एकच पिवळा रंग. तुझ्या फुलांइतकी मोठी नाहीत, विनीच्या फुलांइतकी नाजूक नाहीत. कुणाच्या तरी दोन्ही आजोबांची नाकं एकाच चेहऱ्यावर बसवावीत तशी. मी खाली खाली जात राहिलो. पाणी बुटात गेलं. पार टोकाला, ओढा वळतो तिथे अल्डरच्या झाडांखाली ती मिळाली, आपली, जशीच्या तशी. वाकलो तर कंबर म्हणाली परत उठवणार नाही. मी तिथेच बसलो, ओल्या गवतात, माझ्या वयाचा माणूस. मला वाटलं, तू तिला भांडायला बोलावत होतास आणि त्या नादात तिचंच फूल जायला आलं. तुला हे कळलं तर तू काय करशील, याचा विचार करत मी बसलो. आणि मला वाटलं, तू स्वतःच उपटशील. एकेक. कुणाला हात लावू देणार नाहीस.

म्हणून मी टॅम्सिनला फोन केला आणि विचारलं, पानं वाळल्यावर, जूनमध्ये गुपचूप काढली तर? लोकांना दिसणार नाही, फोटो होऊन जातील, तोवर आयव्हर चालायला लागेल. ती म्हणाली, नाही. फुलात असतानाच काढावी लागतात, पाणंदीच्या कडेला एखादं गावरानही उगवलेलं असतं. फूल गेलं की गावरान, बाजारी आणि मधली, तिन्हींची पानं सारखीच. चुकून गावरान कंद उपटला गेला तर तो गुन्हा आहे, आणि वाटेल ते केलं तरी परत येत नाही. शिवाय पाकळ्या गळून बी धरायच्या आत व्हायला हवं, नाहीतर आणखी एक वर्ष तेच. म्हणजे ऐन बहरात, गाव बघत असताना, शहरातल्या माणसांच्या गाड्या उभ्या असताना. मी म्हटलं, तुमच्या शास्त्राला जरा तरी लाज आहे का. ती म्हणाली, नाही हो, नसते.

त्याच संध्याकाळी रोझलिनचा फोन आला. चांगली पोर आहे, दमलेली आहे, दोन मुलं, नोकरी, आणि वरच्या खोलीत तू. तिने मला सांगितलं की तिच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ आहे, बाग आहे, आणि ईस्टरनंतर जागा होते आहे. तू हो म्हणाला आहेस असं म्हणाली. मी विचारलं, कसं हो म्हणाला? ती म्हणाली, "बरं म्हणाले." तुझं "बरं" मी साठ वर्षं ऐकतो आहे. शाळेत मास्तरांनी आपला कुत्रा विकायला सांगितलं होतं तेव्हाही तू मनात नसताना "बरं"च म्हणाला होतास.

आता काय ठरलं ते सांगतो. परवा पुन्हा सगळे जमले, या वेळी हॉलमध्ये नाही, पाणंदीतच, फुलांमध्ये उभे राहून. मी म्हटलं, काढायची. मिसेस बेडोज माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी विनीची कबरच उकरायला निघालोय. हॅलमसाहेब म्हणाले, सख्ख्या भावाकडून ही अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, साहेब, सख्ख्या भावाकडून कसली अपेक्षा ठेवायची ते सख्ख्या भावाला कळतं, तुम्ही जरा पायाखाली बघा, तुम्ही एक तुडवलंत. मग मी माझ्या अटी सांगितल्या. यंत्र लावायचं नाही. हातानं, कुदळीनं, गड्ड्यासकट, मातीसकट काढायची. एकही कंद कचऱ्यात जाणार नाही. आणि आयव्हर पाणंदीत येऊन बसल्याशिवाय पहिली कुदळ पडणार नाही. तो म्हणेल इथून सुरू करा, तिथून सुरू करायचं. तो शिव्या देईल तर सगळ्यांनी खाऊन घ्यायच्या. टॅम्सिन म्हणाली, पाकळ्या गळेपर्यंत थांबते, त्यापुढे नाही. हवा थंड आहे म्हणून टिकतील अजून थोडी. पहिला उबदार आठवडा आला की संपलं.

कंद जाणार कुठे, हे तू विचारशील. माझ्याकडे. टेकडीच्या या बाजूला, माझ्या आवाराच्या मागे, जिथे जुने पाइप पडलेले असायचे तो तुकडा आठवतो? ते पाइप हलवले. खणून ठेवला आहे, खत घातलं आहे. इथून कुरणापर्यंत मधमाशी जात नाही, टॅम्सिनने येऊन बघितलं, हो म्हणाली. हिरव्या पानांसह उचलून लगेच लावली तर धरतात, पुढच्या वर्षी जरा कुरकुरतात, त्याच्या पुढच्या वर्षी ठीक.

फुलांसाठी एवढं लांब पत्र मी लिहिलं नसतं, ते तू ओळखलं असशील. मी तो तुकडा खणला तो स्वयंपाकघराशेजारच्या खोलीच्या खिडकीखाली. खोली रिकामी केली आहे. हिशेबाच्या कपाटांची खोली होती ती, आता तिथे पलंग आहे. दाराचा उंबरा काढला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, मी स्वतः लोंबकळून बघितलं, भिंत निघाली नाही. तुझ्या घराचा जिना तुला आता झेपणार नाही, ते मला कळतं. इथे जिना नाही. रोझलिनशी मी बोललो, ती रडली, आणि म्हणाली बाबांना विचारा. म्हणून विचारतो आहे. मी या उन्हाळ्यात धंदा आवरतो आहे, यंत्रांना गिऱ्हाईक मिळालं, मग दिवसभर मी घरीच, आणि मला घरी काय करायचं असतं ते कुणी शिकवलेलं नाही. तू चहा फार कडक करतोस आणि रेडिओ मोठ्यानं लावतोस, ते मी चालवून घेईन. लिहू नकोस, फोन कर, आणि या वेळी "बरं" म्हणू नकोस, "ये" म्हण. मी त्याच सकाळी गाडी काढतो. पाणंद लांब आहे, फुलं भरपूर आहेत, आणि आयव्हर, एकट्यानं खणायचा मला आता कंटाळा आला आहे.

तुझाच,
क्लेम